पहिल्याच ओळीतलं ऐजन

१

चोरी झाली त्याला सव्वा वर्ष उलटलं होतं. चोर म्हणून ज्याचं नाव घेतलं गेलं, तो मल्हारराव मागच्या कार्तिकात वारला होता. प्रकरण मिटलं, असं सगळ्या औरंगाबादनं धरलं होतं. ते पुन्हा उघडलं बानाबाईच्या अंगणात, भर दुपारी, खळीच्या वाटीशेजारी.

बानाबाई म्हणजे मल्हाररावांची बायको. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या एकशेचाळीस बायकांची मुकादम. काम असं, की संध्याकाळी मादी झाडाची उद्या उमलणारी कळी नखानं सोलायची, आतलं केसर काढून टाकायचं आणि खुणेला लाल कागद अडकवायचा. सकाळी ऊन तापायच्या आत नर झाडाचं फूल आणून त्या कळीवर फिरवायचं. फिरवलं तर बी धरतं, नाही फिरवलं तर कळी गळून मातीत जाते. यात दुसरी संधी नसते.

काही निवडक फुलांना कागदी पिशव्या घालतात. त्या पिशव्या बानाबाई घरी बसून चिकटवायची, कंपनीच्या हापिसातल्या रद्दीच्या. गेल्या आषाढात आलेला एक गठ्ठा तसाच पडून होता, कारण त्याच आषाढात नवऱ्यावर बालंट आलं आणि दोघांचंही काम सुटलं. आज तो गठ्ठा तिनं सोडला होता. दुमडायला घेतलेल्या चौथ्या कागदावर छापलेला तक्ता होता, चार रकान्यांचा. तारीख, वेळ, लॉट नंबर आणि बी नेणाऱ्याचं नाव. बियाण्याच्या कोठीतून कोणी काय नेलं, त्याची ती यादी होती. मल्हाररावांना जिनं बुडवलं ती हीच, असं तिला वाटलं.

कागद हातात घेऊन ती थबकली. नावाच्या रकान्यात, पहिल्याच ओळीत, दोन बारीक रेघा होत्या. ऐजन. म्हणजे वरच्यासारखंच. पण वर तर नुसतं ‘नाव’ असं मथळ्यात लिहिलेलं.

बानाबाई वीस वर्षं बायकांची हजेरी लिहीत होती. ऐजन कसं करायचं ते मल्हाररावांनीच तिला शिकवलं होतं. एकाच गावच्या दहा बायका असल्या तर गाव एकदा लिहायचं, खाली रेघा ओढायच्या. पण नवीन पान सुरू झालं की नाव पुन्हा पुरतं लिहायचं, हा त्यांचा कडक नियम होता. कोठीची वहीसुद्धा तेच लिहायचे; ते नसले की बी नेणारा स्वतः त्याच नियमानं नोंद करायचा. त्यांच्या वहीवरून केलेल्या यादीची सुरुवात रेघांनी होणं शक्यच नव्हतं.

‘‘कशाचं ऐजन हे?’’ ती स्वतःशीच म्हणाली.

लॉट नंबर ४१. मल्हाररावांनी नऊ वर्षं खपून काढलेल्या कपाशीच्या वाणाचं मूळ बी. त्यातलं दोन किलो गायब झालं, आणि चौकशीच्या कमिटीपुढं यादी आली. ४१ समोर मल्हाररावांचं नाव. ते म्हणत राहिले, ‘‘यादी नका दाखवू, मूळ वही दाखवा.’’ वही नेमकी सापडत नव्हती. कंपनीचे मालक आप्पासाहेबांनी त्यांना काढून टाकलं. पुढचे चार महिने ते भेटेल त्याला तेच सांगत फिरले, मी नाही नेलं. लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. एके दिवशी खुद्द बानाबाईनं विचारलं होतं, ‘‘खरं सांगा, तुमच्या हातून काय झालं तर नाय ना?’’ त्यानंतर ते घरातही बोलेनासे झाले. ती गोष्ट तिला अजून जाळत होती.

आता तिला रडू आलं नाही. राग आला, आणि कितीतरी महिन्यांनी जिवाला बरं वाटलं. ज्यानं हे केलं त्याला ती सोडणार नव्हती.

२

यादी टाइप करणारा सांडू कंपनी सोडून शहागंजात, टॉवरजवळ, टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान टाकून बसला होता. पस्तिशीतच पोट सुटलेला, भिडस्त माणूस. बानाबाईनं कागद काउंटरवर पसरला तसं त्यानं हातातलं काम बाजूला सारलं.

‘‘ही यादी तूच केली ना?’’

‘‘व्हय. नवीन नवीन कॉम्प्युटर आला व्हता तवाची. ही तुमच्याकडं कशी?’’

‘‘रद्दीत आली. पहिल्या वळीत ऐजन कामून हाय, ते सांग.’’

सांडूनं चष्मा वर सरकवून पाहिलं. ‘‘वहीत जसं व्हतं तसंच म्या मारलं, मावशी. तारखेवार. जिथं नाव तिथं नाव, जिथं ऐजन तिथं ऐजन. मंग आप्पासाहेब बोलले, लॉट नंबरवार लावून दे. म्या बटन दाबलं, समद्या वळी इकडच्या तिकडं झाल्या.’’

‘‘आन ऐजन?’’

‘‘तेबी आपापल्या वळीसंगं...’’ बोलता बोलता सांडूचा चेहरा उतरला. त्यानं काउंटरवरचा हात मागं घेतला.

बानाबाईनं वाक्य पुरं केलं. ‘‘वळीसंगं गेलं, आन ज्याच्या नावाखाली जाऊन पडलं त्याचं झालं. ३८ नंबराला आमच्या मालकाचं नाव लिवलेलं व्हतं. खालच्या वळी कुठून कुठून आल्या आन त्यांच्या नावाखाली जमल्या. एकेचाळीस त्यातच. बराबर?’’

‘‘अल्ला की कसम, माझ्या ध्यानातच नाय आलं,’’ सांडू म्हणाला. शहागंजात वर्षभर काढलेला माणूस शपथाही तिथल्याच घेतो. ‘‘पर ही यादी चौकशीत ठेवलीच नव्हती. म्या प्रिंट काढून टेबलावर ठेवली आन जेवायला गेलो. येऊन बघतो तर ही टोपलीत, आन टेबलावर दुसरी. तिच्यात ऐजन एकबी नव्हतं. चौकटी जोडून मोठाल्या केल्या व्हत्या. अडतीस ते चव्वेचाळीस, सात वळींना मिळून एकच चौकट, आन मधोमध मल्हाररावांचं नाव.’’

‘‘चौकटी जोडल्या की काय व्हतं?’’

‘‘वरचं नाव ऱ्हातं, खालचं पुसून जातं. आन मंग यादी परत तारखेवार लावायची म्हटली तर कॉम्प्युटर ऐकत नाय. जिसने किया, उसने रस्ताच बंद केला.’’

‘‘तवा तू बोलला कामून नाय?’’

‘‘मला वाटलं साहेबांनीच करवून घेतली. मला कुणी इचारलंच नाय, मावशी.’’

बानाबाईला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याच्याकडून अजून एक गोष्ट हवी होती. ‘‘त्या दुपारी हापिसात कोण कोण व्हतं?’’

‘‘दोघंच. आप्पासाहेब आन बद्रीनाथ सर.’’

बद्रीनाथ म्हणजे मल्हाररावांचा चेला, कृषी पदवीधर, पाच वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेला. मल्हारराव गेल्यावर त्यानं स्वतःची कंपनी काढली आणि सगळ्यांनी तोंड फिरवलं असताना काकू, काकू करत बानाबाईला आणि तिच्या टोळीला काम दिलं. सध्या ती त्याच्याच प्लॉटवर होती. तेव्हा तिचा संशय सरळ दुसऱ्यावर गेला. लॉटवार यादी मागणारे आप्पासाहेब, आणि बियाण्याच्या पाकिटावर आपलं नाव छापा म्हणून मल्हारराव ज्यांच्याशी भांडले होते तेही आप्पासाहेबच.

३

आप्पासाहेबांचा बंगला गारखेड्यात. जमीनदार घरातला, दांडगा, तोंडाचा फटकळ माणूस. बानाबाईला दारात पाहून त्यांनी बसा म्हटलं, पण नजर दुसरीकडं ठेवली.

‘‘ती यादी दावा, आप्पासाहेब.’’

‘‘गेलेल्या माणसाचं आता काय उकरायचं?’’

‘‘गेलेला माणूस माझा हाय. उकरायचं का नाय ते म्या ठरवीन.’’

आप्पासाहेबांशी असं बोलणारं त्या घरात कोणी नव्हतं. त्यांनी कपाट उघडून फाइल काढली आणि तिच्यासमोर ठेवली. सांडूनं सांगितलेली तीच मोठी चौकट. सात ओळींना कवेत घेऊन मधोमध ‘मल्हारराव’. बघणाऱ्याला शंका घ्यायला जागाच नाही, इतकी नीटनेटकी.

‘‘लॉटवार कामून लावाय सांगितली?’’

‘‘कोठीतल्या फळ्या लॉटवारच आहेत. पाकिटं तपासायची तर यादी तशीच लागते. त्यात काय वावगं?’’

‘‘आन यादीत ऐजन व्हतं का?’’

‘‘ऐजन? छे. ही बघा की, चौकट आहे. कमिटीपुढं आली ती हीच.’’

बानाबाईनं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. प्रश्न कुठून आला तेच त्यांना कळलं नव्हतं. मग तिनं चौकटीतल्या ४३ नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘याची तारीख वाचा.’’

‘‘अठरा जून. सकाळी अकरा.’’

‘‘अठरा जूनला सकाळी अकराला आमचे मालक घाटीच्या दवाखान्यात व्हते. इळा लागला व्हता, हाताला सात टाके घातले. तुमी मोसंब्या घिऊन आले व्हते. त्यांच्या खाटंवर बसले व्हते तुमी.’’

आप्पासाहेबांनी कागद हातात घेतला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

‘‘म्हणजे ही चौकट खोटी,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘मी फक्त एकेचाळीसची ओळ पाहिली हो. कमिटीनंही तेवढीच पाहिली.’’

‘‘पंचवीस वर्षं राबलेला माणूस तुमचा. एक वळ वाचून हाकलला तुमी.’’

आप्पासाहेबांनी कागद फाइलवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, ‘‘चौकट केली कोणी? मला तर तो माऊससुद्धा धरता येत नाही.’’

त्या दुपारी हापिसात दोघंच होते असं सांडूनं सांगितलं होतं, आणि त्यातल्या आप्पासाहेबांना कॉम्प्युटरच येत नव्हता. बानाबाई उठली. राहिलेलं नाव तोंडावर आणायची तिला भीती वाटत होती.

४

घरी येऊन तिनं कात्री घेतली. रद्दीतल्या त्या यादीची एकेक ओळ कापून वेगळी केली. बावन्न पट्ट्या झाल्या. त्या ओसरीच्या फरशीवर तारखेवार, आणि एकाच तारखेच्या असतील तर वेळेवार, ती एकाखाली एक लावत गेली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक सरकी ठेवली.

दीड तासात मल्हाररावांची वही फरशीवर उभी राहिली. पहिल्या ओळीत आता पुरतं नाव होतं. प्रत्येक ऐजन आपल्या मूळ मालकाखाली जाऊन बसलं होतं.

तिनं ४१ ची पट्टी शोधली. चौदा जून, दुपारी एक चाळीस, ऐजन. तिच्या वर त्याच दिवशी एक पंचवीस, लॉट १२, ऐजन. त्याच्याही वर एक दहा, लॉट ७, आणि तिथं नाव लिहिलेलं होतं. बद्रीनाथ.

बानाबाईनं ते नाव तीनदा वाचलं. मग तिच्या डोक्यात एकेक गोष्ट लागत गेली. बद्रीनाथच्या प्लॉटवर मादी झाडांच्या देठाशी तांबूस डाग होता. मल्हाररावांच्या वाणाला अगदी तसाच असायचा. महिनाभर ती तो डाग पाहत होती आणि चेला गुरूच्या वळणावर गेला म्हणून मनातून सुखावत होती. नवऱ्याचंच चोरलेलं बी तिनं स्वतःच्या बोटांनी त्याला वाढवून दिलं होतं. काम दिलं म्हणून वर त्याच्या पोराबाळांना आशीर्वादही दिले होते. तिला स्वतःची किळस आली, आणि तिचा संताप आता थेट बद्रीनाथवर जाऊन ठरला.

तरी पट्ट्या म्हणजे पुरावा नव्हे. कोठीतून बी नेणं हे त्याचं कामच होतं, नेलं आणि परत ठेवलं म्हणेल. चौकट कोणी केली, ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

५

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका कळ्या सोलत होत्या आणि बद्रीनाथ बांधावरून फिरत होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. बहर ऐन भरात आला होता.

‘‘काकू, या हंगामात आपण सगळ्यांना मागं टाकणार बघा.’’

‘‘तुझ्या गुरूचा आशीर्वाद,’’ बानाबाई म्हणाली. हातातली कळी सोलता सोलताच तिनं पुढचं काढलं. ‘‘आप्पासाहेब ती चौकशी परत काढणार म्हणत्यात. यादीत ऐजनचा घोळ झाला व्हता म्हणं.’’

बद्रीनाथ थांबला. ‘‘काढू देत की. काही निघायचं नाही त्यातून.’’

‘‘मला अडाणी बाईला काय कळतंय त्यातलं. ऐजननं एवढा काय घोळ व्हतो रं?’’

शिकलेल्या माणसाला अडाण्यानं विचारलं की समजावून सांगायचा मोह आवरत नाही. बद्रीनाथला तर तो मुळातच फार. ‘‘ऐजन म्हणजे गोंधळच हो, काकू. आता पहिल्याच ओळीत ऐजन, वर नावाचा पत्ता नाही. असली यादी कमिटीपुढं ठेवली असती तर हसं झालं असतं. म्हणून तर चौकटी...’’

त्यानं तिच्याकडं पाहिलं. बानाबाईनं मान वर केली नाही.

‘‘म्हणजे, सांडू म्हणत होता तसं,’’ तो घाईनं म्हणाला.

‘‘असंल,’’ ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडं वळली.

तो गेल्यावर तिनं साळूबाईला हाक मारली. साळूबाई टोळीतली सगळ्यात जुनी, मल्हाररावांनी हाताला धरून शिकवलेली. तिला बाजूला घेऊन बानाबाईनं सगळं सांगितलं. साळूबाईनं तोंडाला पदर लावला, मग काढला. ‘‘मंग आता? कळ्या तशाच ठिवू?’’

‘‘नाय,’’ बानाबाई म्हणाली. ‘‘आज एकबी कळी सोडू नका. दुप्पट हात चालवा. प्लॉटभर लाल कागद दिसला पायजे.’’

६

सकाळी आठला बद्रीनाथ गाडीतून उतरला. वीस एकरांवर लाल कागद डुलत होते, नर झाडांवर फुलं उमलली होती, आणि एकशेचाळीस बायका बांधावर ओळीनं बसल्या होत्या. एकीच्याही हातात फूल नव्हतं. शेवटाला आप्पासाहेब उभे होते, टोपी हातात घेऊन. बानाबाईनं त्यांना बोलावलं होतं आणि ते निमूट आले होते.

‘‘काकू, हे काय? फुलं उमललीत, वेळ जातोय.’’

बानाबाईनं पोत्यावर चिकटवलेल्या पट्ट्या त्याच्यासमोर धरल्या. ‘‘चौदा जून. एकेचाळीस नंबर. कुणाच्या नावाखाली हाय, वाच.’’

त्यानं वाचलं. ‘‘मी परत ठेवलं होतं ते बी. आणि या पट्ट्या तुम्ही हव्या तशा लावल्यात.’’

‘‘तारीख आन वेळ छापलेली हाय, कुणीबी लावाव्या. बरं, ते ऱ्हाऊ दे. काल तू मला सांगितलं, पहिल्याच वळीत ऐजन व्हतं. ती यादी तू कुठं बघितली? कमिटीला दिसली नाय. आप्पासाहेबांना दिसली नाय. सांडू तर पहिल्या वळीतलं ऐजन माझ्यासमोर पहिल्यांदा बघत व्हता. मंग तुला कुणी सांगितलं? सांडू जेवायला गेला तवा टेबलावरली यादी एकाच माणसानं उचलली. त्याच माणसाला ठावं व्हतं की एकेचाळीस मल्हाररावानं नेलेलं नाय. कारण ते त्यानंच नेलं व्हतं. त्याला आयतं दुसऱ्याचं नाव घावलं. ऐजन बघून कुणाला शंका येईल म्हणून त्यानं चौकटी जोडल्या. आन वही गायब केली.’’

बद्रीनाथनं आप्पासाहेबांकडं पाहिलं. मग बायकांकडं, मग प्लॉटकडं. ऊन चढत होतं. टोळी गेली तर ऐन बहरात दुसरी टोळी मिळत नाही आणि टोळीशिवाय हंगाम नाही, हे त्या प्लॉटवर त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

‘‘आधी कामाला लागा,’’ तो घसा साफ करत म्हणाला. ‘‘आपण मग बसून बोलू.’’

‘‘आधी बोल.’’

पाऊण तास तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. हात जोडले, दरडावलं, गावोगावच्या नात्यांची आठवण करून दिली. बायका जागच्या हलल्या नाहीत. साडेनवाला तो बानाबाईसमोर येऊन उभा राहिला.

‘‘नेलं मी. वही मीच जाळली. चौकट मीच केली. मल्हारराव चोर नव्हते.’’

‘‘जोरात. पार त्या टोकापर्यंत जाऊ दे.’’

तो ओरडून म्हणाला. आप्पासाहेबांनी मान खाली घातली. बांधावर दोनचार बायकांनी डोळे पुसले. साळूबाई त्याच्या दिशेनं थुंकली.

‘‘झालं?’’ बद्रीनाथ म्हणाला. त्याला धाप लागली होती. ‘‘तुम्हाला पाहिजे होतं ते सांगितलं. आता उठवा यांना. अजून तास दीड तास आहे, निम्म्या कळ्या तरी वाचतील. काकू, पाया पडतो.’’

बानाबाईनं पोतं घडी करून मांडीवर ठेवलं. खाली बसली आणि पदर डोक्यावरून नीट घेतला. समोरच्या झाडावर काल तिनं स्वतः सोललेली कळी होती, कडेला सुकायला लागलेली. ती बघून तिला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

‘‘माझं माणूस चार महिने खरं सांगत फिरत व्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘कुणी उठलं नाय.’’